1 लाख सह्या झाल्या, मग कायदा कुठंय?

नमस्कार मंडळी! आवाज येतोय ना? मागच्या वेळी चार मिनिटं माइक बंद ठेवून मी एकटाच बडबडत होतो. यावेळी तीनदा तपासलंय.

तर आजचा विषय माझा नाही, तुमचा आहे. गेम्स आणि ब्रिटनचं राजकारण यावर काहीही बोललो की खाली तोच प्रश्न येतो. "भावा, विकलेले गेम बंद पाडू नका म्हणून ब्रिटनच्या पार्लमेंटकडे जी पिटिशन गेली, तिला लाखाच्या वर सह्या झाल्या होत्या, मग कायदा कुठंय?" एकाने तर तो रोज विचारायचा नेमच केलाय. दादा, आजचा व्हिडिओ खास तुझ्यासाठी. नीट बस, पाणी घे.

आधी हे बघा.

(डिस्क कॅमेऱ्याजवळ धरतो)

नावावर टेप लावलीय, कारण मला कंपनीचं नाव घ्यायचं नाहीये. बाराव्या वाढदिवसाला बाबांनी घेऊन दिलेला गेम. जहाजं, चाचेगिरी, मी आणि माझी बोट, बाकी कोणी नाही. एकट्याने खेळायचा गेम! तरी चालू केला की आधी इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरला फोन लावणार. दोन वर्षांपूर्वी पलीकडून फोन उचलणं बंद झालं. डिस्क चकचकीत, एक ओरखडा नाही, गेम मात्र मेलेला. आणि हे गोल डाग दिसतायत? आईच्या चहाच्या मगाचे आहेत. तिला मी सगळा अन्याय समजावून सांगितला, तर म्हणाली, "बंद झाला ना? बरं झालं."

हेच मोठ्या प्रमाणावर झालं युबिसॉफ्ट या गेम कंपनीच्या 'द क्रू'चं. 2014 चा गाड्यांचा गेम. 31 मार्च 2024 ला सर्व्हर बंद, आणि एकट्याने खेळायचा भागही त्याच्याबरोबर गेला. त्यावरून रॉस स्कॉट या यूट्यूबरने मोहीम काढली, 'स्टॉप किलिंग गेम्स'. सर्व्हर जन्मभर चालवा असं त्यांचं म्हणणं नाही, हे लक्षात घ्या. कॉमेंटमध्ये निम्मे लोक इथेच घसरतात. म्हणणं एवढंच की दुकान बंद करताना, विकलेला गेम लोकांना घरच्या घरी चालवता येईल अशा अवस्थेत सोडून जा. घर विकून जाणारा माणूस जिना उचकटून नेत नाही ना?

ब्रिटनच्या पार्लमेंटच्या वेबसाइटवर याची पिटिशन होती. नियम सोपे आहेत, पटकन सांगतो. मुदत सहा महिने. 10 हजार सह्या झाल्या की सरकार लेखी उत्तर देतं. 1 लाख झाल्या की चर्चेसाठी विचार होतो. ब्रिटिश नागरिक किंवा इथे ब्रिटनमध्ये राहणारा कोणीही सही करू शकतो. झालं.

आता थांबा. मी आत्ता काय म्हणालो? "चर्चेसाठी विचार होतो." चर्चा होतेच असंही नाही, कायदा तर फार लांब. तुमचं सगळं घोडं इथेच पेंड खातंय.

तुमच्या डोक्यात काय बसलंय सांगू? गेममधल्या बॉसची, म्हणजे शेवटच्या राक्षसाची, हेल्थ 1 लाख आहे, प्रत्येक सही म्हणजे एक घाव, लाख घाव झाले की बॉस आडवा आणि कायदा खाली पडतो, उचला. नाही! लाख सह्या झाल्यावर फक्त दार उघडतं. आत बॉस फुल हेल्थवर उभा असतो, आणि तुमच्या हातात तलवार नसते. तुमच्या वतीने कोणीतरी खासदार जाऊन त्याच्याशी बोलणार असतो.

आता ते बोलणं कुठे होतं ते बघा. टीव्हीवर हिरव्या बाकांची सभा दिसते ना, आरडाओरडा चाललेला असतो ती? पिटिशनची चर्चा सहसा तिथे नसते. ती वेस्टमिन्स्टर हॉलला लागून असलेल्या एका खोलीत होते, सोमवारी दुपारी साडेचारला, जास्तीत जास्त तीन तास. ठराव काय, तर "सभागृहाने या पिटिशनचा विचार केला आहे." बस्स! विचार केला. हो-नाही मतदान होत नाही, कोणाला काही बंधनकारक होत नाही. मंत्री उत्तर वाचतात आणि सगळे आपापल्या कामाला. आमच्या गावच्या ग्रामसभेत सुद्धा निदान हात वर करतात.

आपल्या पिटिशनची चर्चा 3 नोव्हेंबर 2025 ला झाली. मी पूर्ण बघितली, शेंगदाणे खात. खरं सांगू? अपेक्षेपेक्षा बरी होती. खासदार गेमला पोरखेळ न म्हणता बोलत होते. आणि शेवटी सरकारतर्फे मंत्री स्टेफनी पीकॉक यांनी सांगितलं की ग्राहक कायदा बदलायचा विचार नाही. म्हणजे घेताना काय घेतोय हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगणं कंपनीला भाग आहे, पण गेम चालू ठेवणं भाग नाही.

तरीही पटत नसेल तर एकच उदाहरण देतो, मग मी गप्प. 2019 मध्ये ब्रेक्झिट रद्द करा म्हणून पिटिशन आली. सह्या किती? 60 लाखांच्या वर. 1 एप्रिलला चर्चा झाली, तारीखही काय निवडली बघा. आणि 31 जानेवारी 2020 ला ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर. साठ लाख लोकांना जे जमलं नाही, ते आपल्या लाखभरांना का नाही जमलं, असं तुम्ही मला रोज विचारताय. मला! मी घरात वायफायचा पासवर्ड बदलू शकत नाही.

बरं, यात एक गंमत राहिली. गंमत म्हणजे तेव्हा रडायला आलं होतं. ही खरं तर दुसरी पिटिशन. पहिली 2024 मध्ये होती, 10 हजारांच्या पुढे गेली होती, सरकारचं उत्तरही आलं होतं. तेवढ्यात ऋषी सुनक यांनी 4 जुलैची निवडणूक जाहीर केली, पार्लमेंट विसर्जित झालं, आणि विसर्जित झालं की सगळ्या चालू पिटिशन बंद पडतात. सगळ्या सह्या गेल्या. सेव्ह फाइलच उडाली. पुन्हा शून्यापासून सुरुवात, आणि जुलै 2025 मध्ये लाखाचा आकडा पार.

त्या लाखात माझ्या सांगलीच्या मामेभावाचा हात आहे असं तो अजून मानतो. "दादा, मी तीन सह्या ठोकल्या, तुझा पोस्टकोड टाकून." अरे बाबा! तो इथे राहत नाही, ब्रिटिश नागरिक नाही, आणि तीन ईमेलनी तीन सह्या. मोहिमेला बदनाम करायला टपलेल्यांना असं काही मिळालं की संपलं. तुमच्यातल्या कितीजणांनी हे केलंय मला माहीत नाही, आणि प्लीज खाली लिहूही नका.

(पाणी पितो)

दुसरी कॉमेंट. "राजकारण्यांना गेम्समध्ये रसच नाही." चूक! कंटाळा येईल इतका रस होता, फक्त उलट्या बाजूने. 1997 मध्ये 'कार्मगेडन' आला, त्यात माणसांना गाडीखाली घेतलं की पॉइंट. इथल्या सेन्सॉर बोर्डाने आधी प्रमाणपत्रच नाकारलं, म्हणून माणसांच्या जागी हिरव्या रक्ताचे झाँबी टाकून तो विकला गेला. झाँबीला नातेवाईक नसतात, त्यामुळे चालतं.

मग 2004. लेस्टरमध्ये एका मुलाचा खून झाला, आणि 'मॅनहंट' या गेमवर खापर फुटलं. तिथले खासदार कीथ व्हाझ यांनी तो विषय पार्लमेंटमध्ये लावून धरला. गोव्याच्या मंडळींना नाव ओळखीचं असेल, त्यांचं घराणं गोव्याचं, जन्म एडनचा. पोलिसांनी मात्र कारण लुटीचं सांगितलं, आणि गेम सापडला होता तो मारणाऱ्याकडे नाही, गेलेल्या मुलाकडे. घरच्यांचं दुःख मी समजू शकतो, त्याबद्दल मला काही बोलायचं नाहीये. पण तेव्हापासून पार्लमेंटमध्ये गेमचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: गेम पोरांचं काय करतो? कंपनी त्याच पोरांच्या बापाच्या खिशाचं काय करते, हे विचारायला फार उशीर लागला.

लूट बॉक्सच घ्या. गेममध्ये पैसे देऊन बंद पाकीट उघडायचं, आत काय निघेल देवाला ठाऊक. 2019 मध्ये खासदारांच्या समितीपुढे ईए या गेम कंपनीच्या प्रतिनिधींनी त्याला "सरप्राइज मेकॅनिक्स" म्हटलं, किंडर एगची, म्हणजे आत खेळणं लपवलेल्या चॉकलेटच्या अंड्याची, उपमा दिली. समितीने अहवालात लिहिलं, याला जुगाराचा कायदा लावा. सरकारने 2022 मध्ये नाही म्हटलं, उद्योगानेच स्वतःला शिस्त लावावी म्हणे. अडचण काय, तर 2005 च्या कायद्यात बक्षिसाला पैशाचं मोल असावं लागतं, आणि पाकिटातून निघणारा गेममधला फुटबॉलपटू वगैरे अधिकृतपणे विकता येत नाही. बेल्जियमने मात्र 2018 मध्येच हा जुगार आहे म्हणून सांगून टाकलं.

मी तेरा वर्षांचा असताना बाबांच्या कार्डावर एका संध्याकाळी 80 पौंडांची पाकिटं उघडली होती. कुठल्या गेमची ते सोडा. चूक माझीच. पण ते पाकीट फाटताना सोनेरी उजेड येतो ना, एक क्षण सगळं थांबतं, आणि मग निघतो कुठल्यातरी तिसऱ्या फळीतल्या संघाचा राखीव गोलकीपर. बाबा ओरडले नाहीत. स्टेटमेंट छापून फ्रिजवर लावलं. सहा महिने.

आता शेवटची कॉमेंट, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. "तू भारतीय पासपोर्टवाला, तुला तिथे कोण विचारतो?" दादा, मी मत देतो! भारत कॉमनवेल्थमध्ये आहे, त्यामुळे इथे कायदेशीर राहणारा भारतीय नागरिक यादीत नाव घालून ब्रिटनच्या सार्वत्रिक निवडणुकीत मत देऊ शकतो. स्टुडंट व्हिसावर आलेल्यांनाही हे लागू आहे. पुण्याहून, नागपूरहून शिकायला आलेल्या कित्येकांना हे माहीतच नसतं.

4 जुलै 2024, माझं पहिलं मतदान. कॉलेजचं कार्ड गळ्यात घालून ऐटीत गेलो. टेबलावरच्या बाई म्हणाल्या, हे चालत नाही. 2023 पासून फोटो ओळखपत्र लागतं, आणि त्या यादीत म्हाताऱ्यांचा बसपास आहे, विद्यार्थ्यांचं कार्ड नाही! पळत घरी, भारताचा पासपोर्ट घेऊन परत. तो चालतो. मग आत एक कागद आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. पेन्सिल, मंडळी! बोटाला शाई नाही, मशीनचा पीं आवाज नाही. फुली मारायची आणि घडी करून पेटीत टाकायची. बाहेर आल्यावर आईने बोट बघायला मागितलं, दाखवायला काहीच नव्हतं.

तर कायदा हवाय ना? पिटिशनवर सही करून झोपू नका. ज्याला तुमच्या मताची गरज आहे त्या खासदाराला पत्र लिहा, पत्त्यासकट, म्हणजे तुम्ही त्याच्याच मतदारसंघातले आहात हे कळतं. मी लिहिलं होतं. पाच आठवड्यांनी उत्तर आलं, दोन परिच्छेद, त्यातला एक सरकारच्या उत्तरातला जसाच्या तसा. नाव घेत नाही. मी परत लिहिलंय, यावेळी डिस्कचा फोटो जोडून. चहाच्या डागांसकट.

उत्तर आलं की इथे वाचून दाखवीन. तोवर ही डिस्क परत स्वयंपाकघरात जातेय, आईने दोनदा हाक मारलीय.