कायोंगो आणि शेजारचं वावर

पश्चिम केनिया. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठचं म्बिता. मका खुरटलेला, पिवळा पडलेला, आणि त्याच्या बुडाशी गुलाबी-जांभळी फुलं. इतकी देखणी, की नवख्याला वाटावं, हौसेनं लावलीत. इथले लुओ जमातीचे शेतकरी या तणाला ‘कायोंगो’ म्हणतात. आपल्या ज्वारीत येणारा पांढऱ्या फुलांचा टारफुला याचाच भाऊबंद. फूल दिसेपर्यंत जमिनीखाली त्यानं मक्याच्या मुळाला चिकटून रस ओढून घेतलेला असतो. बी धुळीसारखं बारीक, आणि मातीत दहा-दहा वर्षं तग धरणारं.

त्यात खोडकिडा. अळी एकदा खोडात शिरली की फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही. आणि एक-दोन एकरांच्या धन्याला फवारणी परवडायची तरी कशी?

नैरोबीत 1970 साली थॉमस ओडियाम्बो यांनी ‘इसिपे’ ही कीटकशास्त्र संस्था उभारली. तिच्या म्बिता केंद्रात भारतीय कीटकशास्त्रज्ञ झियाउर खान आणि ब्रिटनमधल्या रोथॅमस्टेड या शेतीसंशोधन संस्थेचे जॉन पिकेट यांनी वासाचा उपाय शोधला. मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम, म्हणजे जमिनीलगत पसरणारं एक द्विदल. त्याचा वास खोडकिड्याच्या पतंगाला सोसवत नाही. शेताच्या कडेनं नेपियर गवत. पतंग तिकडे ओढला जातो, अंडी तिथंच घालतो, आणि गवताच्या चिकात बहुतेक अळ्या मरतात.

डेस्मोडियम लावलं होतं कीड हाकलायला. पण त्या वाफ्यांत कायोंगोही दिसेनासा झाला! डेस्मोडियमच्या मुळांतून पाझरणारी द्रव्यं कायोंगोचं बी रुजवतात, पण मक्याच्या मुळाला चिकटू देत नाहीत. बी मातीतच संपतं. शिवाय हवेतला नत्र जमिनीत येतो आणि गाईला वैरण मिळते.

हे तंत्र पुडीत बांधून दुकानात विकता येत नाही. म्हणून ते वावरातून वावरात चालत जातं, आणि मला या गोष्टीत सर्वांत मोलाचं तेच वाटतं. ज्यांनी आधी करून पाहिलं तेच इथे शिक्षक होतात. शेतदिनाला गावकरी बांधावर जमतात. शिकवणारी बाई मूठभर बी दाखवते. इतकं बारीक, की बोटांतून निसटतं. म्हणून ते कोरड्या वाळूत मिसळायचं, टोकदार काठीनं उथळ रेघ ओढायची, त्यात पेरायचं आणि हलकी माती लोटायची. मग ती खाली बसते आणि नुकतं उगवलेलं रोप ओळखायला लावते. पहिल्या खुरपणीत तण समजून डेस्मोडियमच उपटलं जातं, तिथंच कितीतरी जणांचं पहिलं वर्ष वाया जातं. ही चूक कागदावर वाचून कळत नाही. पान हातात घ्यावं लागतं, चुरगाळावं लागतं.

दुसरी घाई नेपियरची. गाय हंबरते आणि विळा चालतो. तीन महिने थांबा, ती सांगते, आणि कापाल तेव्हा आतली ओळ आधी. बाहेरची उभी राहू दे, पतंगांना बसायला जागा हवी.

डेस्मोडियम एकदा रुजलं की वर्षानुवर्षं टिकतं. वेलीचा तुकडा तोडून लावला तरी तो धरतो. बी घ्यायला पैसे नसलेली शेजारीण पावसाच्या तोंडावर येते, आणि ही खाली वाकून तिच्यासाठी वेल कापायला लागते.