खोका क्रमांक चौदा

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्यात जांभळी नाक्यावर भांड्यांच्या दुकानात कधीकधी एखादं जोडपं दिसतं. नवा कुकर, नवा मिक्सर, ताटांचा अख्खा सेट, वर डझनभर चादरी, सगळं एकाच दिवशी घेत असतात. सोबत आई असते आणि ती म्हणत असते, "तिकडे काय मिळणार आहे? इथूनच घ्या." हे बिऱ्हाड परदेशी निघालंय, हे मला लगेच कळतं. जाऊन त्यांना थांबवावं असं दर वेळी वाटतं. मी पुष्कळ वर्षं न्हावा शेव्याच्या बंदरातून लोकांचं घरसामान बाहेर पाठवायचं काम केलं आहे. त्यामुळे या नव्याकोऱ्या कुकरचं तिकडच्या बंदरात काय होतं, ते मला ठाऊक आहे.

जकात असते ती बाजारात येणाऱ्या मालावर. तुमची जुनी गादी, तुमची पुस्तकं, तुमचा पोळपाट काही बाजारात जाणार नसतो, म्हणून जवळपास प्रत्येक देश राहायला येणाऱ्या माणसाचं सामान जकातीशिवाय आत घेतो. पण ही सवलत वापरलेल्या सामानाला असते. ब्रिटन म्हणतो, वस्तू तुमच्या मालकीची आणि वापरातली किमान सहा महिने हवी, आणि तुम्ही स्वतः सलग बारा महिने ब्रिटनबाहेर राहिलेले हवेत. जर्मनी, नेदरलँड्स वगैरे युरोपीय संघातले देशही असंच सांगतात. ऑस्ट्रेलियाला बारा महिन्यांचा वापर लागतो. अमेरिकेला घरसामानासाठी एक वर्षाचा वापर लागतो, मात्र ते वर्ष सलग किंवा अगदी अलीकडचंच असलं पाहिजे असं नाही. जांभळी नाक्यावरचा गेल्या आठवड्यातला कुकर यातल्या एकाही हिशेबात बसत नाही. त्यावर कर लागू शकतो, आणि तो यादीत "जुना" म्हणून लिहिलेला असेल तर बाकीच्या खोक्यांवरही संशय येतो. अमेरिका किंवा कॅनडाला निघाला असाल तर मिक्सर नेऊच नका. तिथे वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३०.

आता यादीबद्दल. आमच्या धंद्यात तिला पॅकिंग लिस्ट म्हणतात. लोक तिच्याकडे शेवटच्या दिवशीचं काम म्हणून बघतात. खरं तर तिकडचा अधिकारी तुमच्या घरातली एकच गोष्ट वाचतो, ती म्हणजे ही यादी. प्रत्येक खोक्याला क्रमांक हवा, आत काय, किती, कशाचं, वापरलेलं की नवं, आणि आज विकलं तर किती येतील ती किंमत. घेताना दिलेली किंमत तिथे लिहू नका. विम्याच्या कागदावर मात्र वेगळा आकडा येतो, कारण ती वस्तू फुटली तर तिकडे नवी घ्यायला किती लागतील, हा तिथला प्रश्न असतो. हे दोन आकडे लोक सर्रास एक करतात.

ऐरोलीतल्या एका कुटुंबाचं सामान मी पाठवलं होतं. चाळीस खोके, त्यातल्या खोका क्रमांक चौदासमोर फक्त "इतर" असं लिहिलेलं. पॅकर्सची माणसं जेवायला गेली तेव्हा घरच्यांनी तो स्वतः भरून चिकटपट्टी लावली होती. मी विचारलं, तर सांगितलं की किरकोळ आहे. मीही पुढे विचारलं नाही, आणि ती चूक माझी होती. पलीकडे नेमका तोच खोका उघडला गेला. आत निघालं काय? शेजारच्या काकूंनी त्यांच्या मुलीसाठी दिलेलं लोणचं आणि मेतकूट, आणखी कुणीतरी दिलेल्या दोन नव्या पैठण्या, बाळंतविड्याचं सामान. सगळं प्रेमानं दिलेलं, पण त्या कुटुंबाचं त्यात काहीच नाही. दुसऱ्यासाठी नेलेली वस्तू तुमचं घरसामान ठरत नाही. मग बाकीचे एकोणचाळीस खोकेही उघडले गेले. तपासणीचा खर्च, गोदामाचं भाडं, आणि लहान मूल घेऊन रिकाम्या घरात जमिनीवर काढलेले दिवस. मालकानं स्वतः बांधलेल्या खोक्यात काही फुटलं तर विमा कंपनी बहुधा हात वर करते, तेही लक्षात असू द्या. काकूंना नाही म्हणणं अवघड असतं, मला कळतं. तरी म्हणा.

कॅनडाला जाणाऱ्यांसाठी थोडं वेगळं सांगतो, कारण तिथे सर्वांत जास्त लोक फसतात. मुलगा आधी विमानानं जातो, सामान मागाहून आई-वडील पाठवतात. विमानतळावर अधिकारी विचारतो, मागून काही सामान येणार आहे का? दमलेला मुलगा "नाही" म्हणून मोकळा होतो. कॅनडाच्या नियमात मागून येणाऱ्या सामानाची यादी पहिल्यांदा पाय ठेवाल त्याच ठिकाणी द्यावी लागते, त्या क्षणी हातात एकही खोका नसला तरी. राहायचं कॅलगरीला असेल आणि विमान टोरांटोला उतरत असेल, तर यादी टोरांटोत. तिथला अर्ज बीएसएफ १८६ या क्रमांकाचा आहे. आधी न दाखवलेल्या सामानावर नंतर कर लागू शकतो. म्हणून मुलगा निघायच्या आधीच यादी पुरी करा, दोन प्रती त्याच्या हातातल्या बॅगेत घाला. आणि सवलतीत आणलेली वस्तू पहिल्या बारा महिन्यांत विकली तर कर भरावा लागतो. हे कॅनडात आहे, ब्रिटन आणि युरोपातही आहे.

हे झालं पलीकडचं, आता आपल्या बाजूचं. घरात पणजीची समई असते, देव्हाऱ्यात टाक असतात, कुणाकडे हाती लिहिलेली पोथी असते. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तू, आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखितं खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. वस्तू जुनी दिसते पण तेवढी जुनी नाही, असं असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला मिळतो. तो सामान बांधायच्या आधी घ्या. खोके उरणच्या गोदामात पोहोचल्यावर हे सुचून उपयोग नाही. शिसवी कपाट असेल तर तेही आधी विचारून घ्या, शिसवाच्या लाकडावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत.

सोनं कंटेनरमध्ये घालू नका. अंगावर किंवा हातातल्या बॅगेत न्या, आणि जाताना विमानतळावर कस्टम्सकडून त्याचं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. पुढे लग्नाकार्याला परत याल तेव्हा हे दागिने इथूनच नेलेले होते याचा तोच पुरावा असतो.

लाकडी पेट्या करून घेणार असाल तर लाकूड उष्णता दिलेलं हवं. गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस, सलग ३० मिनिटं. तसं केल्याचा गव्हाच्या ओंबीचा शिक्का पेटीवर असतो. तो नसेल तर पेटी अडते, आतलं सामान कितीही बिनचूक असो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड तर मातीलाही भितात, आणि त्यांचं बरोबरच आहे. एका किडीनं त्यांची शेती बसू शकते. बूट, सायकलची चाकं, बागेतलं खुरपं घासून धुऊन कोरडं करा. बांबूची सुपली, टोपली, केरसुणी असलं काही नेत असाल तर यादीत ठळक लिहा.

कोपरीतल्या एका आजींना लेकाकडे मेलबर्नला जायचं होतं, आणि त्यांचा जीव तुळशीवर. रोप आणि माती नेता येणार नाही, हे सांगताना मलाच जड गेलं. त्यांनी दोन दिवस विचार केला. मग रोप कळव्याच्या बहिणीकडे दिलं, पितळी वृंदावन चिंचेनं घासलं, उन्हात ठेवलं, आणि यादीतली ती ओळ मला लिहू न देता स्वतःच्या अक्षरात लिहिली. मी खाली फक्त तिचं इंग्रजी केलं. सामान पोहोचलं, तपासलं गेलं, एका सकाळीत सुटलं. त्या यादीची प्रत माझ्याकडे अजून आहे. खोका क्रमांक ३ : वृंदावन, पितळी, एक. वापर एकोणतीस वर्षं. आत काही नाही.