वादळानंतरचा रात्रीचा नकाशा : आपली वाडी त्यात आहे का?

मंडळी, विषय पत्रिकेवर आहेच, वादळानंतर लाइट कुठे कुठे गेली हे उपग्रहाच्या रात्रीच्या फोटोंवरून कसं ओळखायचं. पण आधी मला दिवाळीच्या फोटोबद्दल बोलायचंय, ते बोलल्याशिवाय पुढचं नीट बसत नाही.

हात वर करा बरं, 'दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा भारत' हा फोटो कोणाकोणाला आलाय? अख्खा हॉल! आणि पुढे कोणी पाठवला? हां, आता हात खाली गेले. असू दे, आमच्या घरच्या ग्रुपवर तो दरवर्षी पहिल्या आंघोळीच्या आधी हजर असतो.

तर तो फोटो एका रात्रीचा नाहीच. अमेरिकेच्या 'नोआ' या हवामान आणि समुद्राचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेतले शास्त्रज्ञ ख्रिस एल्व्हिज यांनी २००३ मध्ये तो जुन्या लष्करी हवामान उपग्रहांच्या माहितीवरून बनवला. पांढरे दिवे १९९२ च्या आधीपासूनचे, निळे १९९२ मध्ये दिसायला लागलेले, हिरवे १९९८ मध्ये आणि लाल २००३ मध्ये. म्हणजे ज्या लाल ठिपक्यांना आपण फटाके समजून 'वा वा' करतो, तिथे मधल्या पाच वर्षांत कुठेतरी नवीन पोल उभे राहिलेत, डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, बसलीय, कुणाच्या तरी ओटीवर पहिल्यांदा बल्ब लागलाय. मला वाईट याचं वाटतं की एवढी मोठी गोष्ट समोर असते आणि आपण ती रांगोळीसारखी बघून पुढे ढकलतो. रात्रीच्या फोटोतला प्रत्येक रंग कोणीतरी ठरवलेला असतो, तो काय म्हणून दिलाय हे आधी विचारायला हवं, वादळाच्या नकाशालासुद्धा हेच लागू आहे म्हणून एवढं लांबण लावतोय.

बरं, खरा दिवाळीचा फोटोही आहे. १२ नोव्हेंबर २०१२ च्या रात्रीचा, सुओमी एनपीपी उपग्रहाचा, नासाने तो मुद्दाम प्रसिद्ध केला. त्यात दिवाळी दिसत नाही! शहरं नेहमीसारखीच, वाढलेला उजेड इतका थोडा की वरून कळतच नाही. हा उपग्रह आपल्या डोक्यावरून जातो रात्री दीडच्या सुमाराला, तोवर पणत्या विझलेल्या आणि पोरं झोपलेली. (मागून एक ताई म्हणतायत, आमची नाही झोपत. मान्य!) अमेरिकेत मात्र नाताळच्या दिवसांत काही शहरांच्या उपनगरांत २० ते ५० टक्के जास्त उजेड मोजला गेलाय, कारण तिकडच्या माळा आठवडेच्या आठवडे रात्रभर चालू राहतात.

आता यंत्राकडे, म्हणजे उपग्रहावरच्या रात्री बघणाऱ्या कॅमेऱ्याकडे येतो. सुओमी एनपीपी २०११ मध्ये गेला, मग २०१७ आणि २०२२ मध्ये तेच यंत्र घेऊन आणखी दोन गेले. त्याचा एक चौकोन, म्हणजे एक पिक्सेल, साधारण पाऊण किलोमीटर बाय पाऊण किलोमीटर. जवळपास १४० एकर! त्या १४० एकरात जेवढा उजेड असेल त्याचा मिळून एक आकडा. त्यात आमची एखादी वाडी घ्या, वीस-पंचवीस घरं, माडा-पोफळीच्या झाडोऱ्याखाली, रात्री दीडला चालू असतो फार तर देवळासमोरचा दिवा आणि पाणंदीच्या तोंडाशी एक एलईडी. शिवाय हे यंत्र निळा प्रकाश पकडत नाही आणि पांढऱ्या एलईडीत निळा भरपूर, त्यामुळे जुना पिवळा सोडियमचा दिवा काढून एलईडी लावला की गाव वरून मंद दिसतं, खाली लख्ख असलं तरी.

तरीही हे तंत्र कामाचं आहे, अतिशय कामाचं. ३ मे २०१९ ला फनी वादळ पुरीजवळ धडकलं. ३० एप्रिलचा आणि ५ मेचा फोटो शेजारी ठेवले की भुवनेश्वर-कटकचा कुठला भाग काळोखात गेला ते सरळ दिसतं. ४ मेला अमावास्या होती, चंद्राच्या उजेडाची भानगडच नव्हती.

आणि प्वेर्तो रिको, अमेरिकेच्या ताब्यातलं कॅरिबियन बेट! २० सप्टेंबर २०१७, मारिया वादळ, बेटाची सगळी वीज गेली, पूर्ववत व्हायला जवळपास अकरा महिने. नासाचे मिगेल रोमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोजच्या रात्रीच्या फोटोंतून चंद्रप्रकाश आणि ढग वजा करून लाइट कुठे कधी आली त्याचा हिशोब लावला. लांबलेला अंधार ग्रामीण नगरपालिकांपैकी ४१ टक्क्यांच्या वाट्याला आला, शहरी भागात २९ टक्क्यांच्या. नुसता 'इतके टक्के ग्राहक पूर्ववत' असा एकच आकडा ऐकत बसलं तर हा फरक कळला नसता. या अभ्यासाबद्दल मी तासभर बोलू शकतो पण अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं. बरं.

मग पटकन आपलं निसर्ग वादळ. ३ जून २०२०, दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत शिरलं, आपल्या केळशी-आंजर्ल्याचं काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. त्या वेळच्या रात्रीच्या फोटोंना दोन अडचणी. एक, ५ जूनला वटपौर्णिमा, म्हणजे पूर्ण चंद्र, ढगांचा वरचा भाग त्याच्या प्रकाशात चकाकतो आणि कच्च्या फोटोत तो उजेडच वाटतो. दोन, मागोमाग मान्सून, म्हणजे स्वच्छ रात्र मिळायची मारामार. फनीला मिळाली तशी सोय कोकणात जूनमध्ये मिळणार नाही हे धरूनच चालायचं.

पण माझं खरं म्हणणं वेगळं आहे आणि ते घाईत सांगावं लागतंय. असे नकाशे बनतात ते 'आधी' वजा 'नंतर' करून. ज्या वाडीचा आधीचा उजेडच नोंदलेला नाही, तिचा 'आधी' शून्य, 'नंतर' शून्य, फरक शून्य. नकाशावर ती 'नुकसान नाही' च्या रंगात जाते! पोल आडवे, एलटी लाइन, म्हणजे घरांपर्यंत येणारी कमी दाबाची तार, पोफळीत गुंतलेली, डीपी खाली आलेली, विहिरीचा पंप बंद आणि नकाशा म्हणतो सगळं ठीक. उलट बाजूला जनरेटरवर चालणारं हॉटेल 'लाइट आली' म्हणून दिसतं. असा नकाशा बघून कुणी वायरमनच्या टोळ्या पाठवल्या तर त्या जाणार तालुक्याच्या गावात, जिथे त्या तशाही आधी जातात.

म्हणून अशा नकाशात तिसरा रंग हवा. गेली नाही, गेली आणि 'आम्हाला दिसत नाही'. हा तिसरा रंग वादळाच्या आधी भरता येतो. फेब्रुवारी-मार्चच्या निरभ्र, बिनचंद्राच्या रात्रींची सरासरी काढायची, नासाचा ब्लॅक मार्बल, म्हणजे रात्रीच्या उजेडाचा, डेटा फुकट मिळतो, कॉलेजची मुलं हे आरामात करतील. त्यावर वाड्यांची यादी ठेवायची, महसुली गावांची नाही, वाड्यांची, कारण गावठाणात लाइट आली की गाव 'पूर्ववत' धरलं जातं आणि वरची वाडी तशीच राहते. जी वाडी चौकोनात उमटत नाही तिच्यापुढे खूण करायची आणि दोन माणसांचे फोन नंबर लिहायचे, एक वाडीतला आणि एक बाहेरचा, कारण टॉवरसुद्धा बंद पडतो. वादळ गेलं की खूण केलेल्या वाड्यांत माणूस आधी पाठवायचा, फोटोची वाट न बघता.

मी आपल्या तालुक्यापासून सुरुवात केलीय. वाड्यांची नावं मात्र मला कुठल्याच सरकारी नकाशावर धड मिळत नाहीयेत, ती तुमच्याकडे आहेत. दाराशी वही ठेवलीय, आपल्या वाडीचं नाव, घरं किती आणि डीपी कुठे आहे एवढं लिहून जा. मेच्या आत यादी पूर्ण करायचीय. आता प्रश्न घेतो, ताई, तुम्ही बोला.