पटावर नाव, पोर फडात

(दृश्य : साक्री तालुका, पहाट. ट्रकमध्ये भांडी, गोधड्या, कोंबड्या चढताहेत.)

दिवाळी सरली. मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, पावसाळ्यातच संपली. ती आता गुजरातेत, सुरत-बारडोलीकडे ऊस तोडून फेडायची. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी. घरात म्हातारं माणूस नसेल तर पोरं ठेवायची कुणाकडे? तीही ट्रकमध्ये बसतात. थोरली नऊ-दहा वर्षांची. आई मोळ्या बांधते तेव्हा धाकट्याला तीच सांभाळणार. फडाजवळ शाळा असली, तरी ती गुजराती. इकडे पटावर तिचं नाव तसंच, आणि होळीपर्यंत गैरहजेरी.

याचा जाब कुणाला विचारायचा?

(दृश्य : कौळाणे, तालुका मालेगाव.)

खानदेशाच्या शिवेवरचं हे गाव. १८६३ साली इथल्या शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला गोपाळ बारा वर्षांचा असताना बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव महाराज झाला. त्यांनी १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात शिक्षण सक्तीचं केलं. पोर शाळेत न धाडणाऱ्या बापाला दंड बसे. कोल्हापुरात शाहू महाराजांनीही १९१७ मध्ये तोच मार्ग धरला, दंड महिन्याला एक रुपया.

आजचा शिक्षणहक्क कायदा २००९ चा. कलम १० सांगतं, मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे. दंड मात्र नाही. ‘सक्ती’ हा शब्द कायद्यात आहे, आणि तो सरकारला बांधतो : प्रवेश, हजेरी, शिक्षण पूर्ण होणं, तिन्ही. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देण्याची जबाबदारी कलम ९ स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे जिल्हा परिषद, नगरपालिका यांच्यावर टाकतं.

मला हे योग्य वाटतं. या आईबापावर दंडाची पावती फाडली, तर ते पैसे कुठून आणणार? पुढच्या उचलीतून. म्हणजे कोयता आणखी एक हंगाम मानेवर, आणि थोरली पुन्हा फडात.

पालक सुटले, असं मी म्हणत नाही. आजी घरी आहे, शाळा हाकेच्या अंतरावर आहे, तरी कापूस वेचायला पोरीला घरी ठेवली, तर त्या घरी जाऊन विचारलंच पाहिजे. पुन्हा पुन्हा विचारलं पाहिजे.

पण ज्यांना जावंच लागतं, त्यांच्या पोरांसाठी गावातलं हंगामी वसतिगृह ट्रक निघण्याआधी उघडलेलं हवं. ट्रक गेल्यावर उघडलं, तर तिथे राहायचं कुणी?

(दृश्य : ट्रक वळणाआड जातो. गोधड्यांवर बसलेली मुलगी, मांडीवर धाकटा.)