क्रिएटिनिन, ईजीएफआर आणि ‘क्रॉनिक’: किडनीचा रिपोर्ट कसा वाचावा

नमस्कार. आपल्या इंदूरच्या मराठी घरांत आजाराची गोष्ट बहुधा तीन भाषांतून फिरते. रिपोर्ट इंग्रजीत येतो, डॉक्टर हिंदीत ‘गुर्दे’ म्हणतात आणि रामबागेतल्या घरी आल्यावर आजीला ते मराठीत सांगायचे असते. या प्रवासात सर्वांत जास्त घोटाळा किडनीच्या रिपोर्टमधल्या शब्दांचा होतो, म्हणून आज तेवढेच शब्द नीट पाहू.

पहिला शब्द क्रिएटिनिन. स्नायूंच्या रोजच्या कामातून तयार होणारा हा टाकाऊ पदार्थ मूत्रपिंडे रक्तातून गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात. गाळण्याचे काम मंदावले की रक्तातले त्याचे प्रमाण वाढते. मात्र तो स्नायूंतून येत असल्यामुळे, ज्यांचे स्नायू वयोमानाने झिजले आहेत त्यांच्या रक्तात तो मुळातच कमी असतो, आणि त्यामुळे रिपोर्टमधला आकडा फसवा ठरू शकतो.

ही फसगत टाळण्यासाठी ईजीएफआर काढतात. मूत्रपिंडातील गाळण्या दर मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव गाळतात, याचा तो अंदाज असतो. क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून तो सूत्राने काढला जातो. सध्या अनेक ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या २०२१ च्या सूत्राने हिशोब केला, तर क्रिएटिनिन १.१ असलेल्या पंचवीस वर्षांच्या तरुणाचा ईजीएफआर सुमारे ९५ येतो, आणि तेच १.१ असलेल्या बहात्तर वर्षांच्या आजींचा मात्र सुमारे ५३. आकडा एकच असूनही दोघांच्या मूत्रपिंडांची स्थिती वेगळी आहे. म्हणूनच ‘क्रिएटिनिन नॉर्मल आहे, काळजी नको’ हे वाक्य वृद्धांच्या बाबतीत मला अपुरे वाटते. ईजीएफआर छापलेला नसेल तर तो अवश्य विचारावा.

आता ‘क्रॉनिक’. हा शब्द ऐकताच घरातली माणसे हादरतात, पण तो आजार किती गंभीर आहे हे सांगत नाही. तो किती काळ टिकून आहे, एवढेच सांगतो. ईजीएफआर तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला, किंवा लघवीतून प्रथिन जाण्यासारखी इजेची खूण तितकाच काळ टिकली, तरच ‘क्रॉनिक किडनी डिसीज’ म्हणतात. एका रिपोर्टवरून हे निदान सहसा पक्के होत नाही. याउलट ‘अॅक्यूट’ म्हणजे काही तासांत किंवा दिवसांत झालेला बिघाड. जुलाब-उलट्यांनी शरीरातले पाणी फार कमी झाले, तरी तो होऊ शकतो. वेळेवर उपचार मिळाले तर तो पुष्कळदा भरून येतो, पण तो जिवावरही बेतू शकतो, त्यामुळे ‘क्रॉनिक नाही ना’ म्हणून निर्धास्त होणे धोक्याचे आहे.

‘स्टेज थ्री’ वाचून कर्करोगाची तिसरी पायरी आठवते, पण या दोन मोजण्यांचा एकमेकींशी संबंध नाही. मूत्रपिंडाच्या बाबतीत ईजीएफआर ३० ते ५९ असला की तिसरी पायरी, १५ ते २९ चौथी आणि १५ च्या खाली पाचवी. तिसऱ्या पायरीवरचे अनेक लोक, विशेषतः वृद्ध, रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवून डायलिसिसविना वर्षानुवर्षे जगतात.

लघवीच्या तपासणीत ‘एसीआर’ असे लिहिलेले दिसेल. लघवीतील अल्ब्युमिन या प्रथिनाचे क्रिएटिनिनशी असलेले ते गुणोत्तर असते. ते दर ग्रॅमला ३० मिलिग्रॅमच्या वर गेले, तर गाळणीतून प्रथिन झिरपू लागल्याची शंका घ्यावी. मधुमेहात ईजीएफआर चांगला असतानाच हे दिसू शकते, म्हणून मधुमेही व्यक्तीने ही तपासणी वर्षातून एकदा तरी करावी, असे मी कळकळीने सांगेन.

डॉक्टरांकडे जाताना केवळ ताजा रिपोर्ट नेऊ नका, गेल्या दोन-तीन वर्षांचे तारखांसह सगळे रिपोर्ट न्या, कारण बिघाड जुना की नवा हे त्यांच्यावरूनच ठरते. गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या आपण स्वतःच दुकानातून आणून घेत असाल, तर तेही डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगा, कारण या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करू शकतात.