‘डिस्क वाकली’ म्हणण्यापूर्वी

मित्रहो, चाळीसगाव, धुळे, शिरपूर या पट्ट्यात ब्रेक मारल्यावर थरथरणारी गाडी गॅरेजात आली, की निदान बहुधा एका वाक्यात होते : डिस्क वाकली. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची लोखंडी तबकडी; ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंचे पॅड तिला आवळून चाकाला रोखतात. उपायही ठरलेला असतो. लेथवर फिरवून, म्हणजे वरचा थर घासून सपाट करून घ्या, नाहीतर नवी टाका. मीही कित्येक वर्षे हेच सांगत आलो, आणि तीच गाडी दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दारात उभी राहिली की घाटाला दोष देऊन मोकळा झालो. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे येणाऱ्या गाड्या आपल्याकडे भरपूर, त्यामुळे तो दोष गिऱ्हाइकाच्या गळी उतरवणेही सोपे होते.

वाकली म्हणून काढून टाकलेल्या बहुतेक डिस्क प्रत्यक्षात वाकलेल्या नसतात. त्यांची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. हा फरक डोळ्यांना दिसत नाही आणि बोटालाही लागत नाही. वहीचा कागद साधारण 0.1 मिलिमीटर जाड असतो. त्याच्या पाचव्या हिश्श्याइतका, म्हणजे 0.02 मिलिमीटरचा फरक अनेक गाड्यांना थरथर आणायला पुरेसा होतो. जाड भाग पॅडखाली आला की पॅड मागे ढकलले जाते, तेलाचा दाब क्षणभर वाढतो, पेडल पायाला धक्का देते, आणि चाकाला रोखणारा जोरही त्याच तालावर कमी-जास्त होतो. ताशी 80 किलोमीटर वेगात लहान मोटारीचे चाक सेकंदाला बारा-तेरा फेरे घेते, आणि या सुमाराच्या कंपनाला स्टेअरिंग व पुढचे सस्पेन्शन फार लवकर साथ देतात. म्हणून महामार्गावर हात हादरतात आणि गावात शिरल्यावर सगळे शांत होते. (आमच्या एका अहिराणी बोलणाऱ्या ड्रायव्हरचे शब्द असे : ‘ब्रेक दाबा का गाडी थरथर करस.’ यात ‘दाबा का’ हे फार महत्त्वाचे आहे, कारण ब्रेक न दाबताही गाडी थरथरत असेल तर आधी टायर आणि बॅलन्सिंग पाहावे. तो आजच्या व्याख्यानाचा विषय नव्हे.)

ही जाडी असमान होते कशी, हे समजून घेणे अधिक गरजेचे आहे. पुष्कळदा सुरुवात डिस्कच्या पाठीमागे, हबच्या (डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या मधल्या भागाच्या) तोंडावर होते. तिथे गंजाची एखादी खपली राहिली आणि डिस्क तशीच चढवली, की ती किंचित तिरपी बसते. हबवर 0.05 मिलिमीटर असलेला तिरपेपणा डिस्कच्या बाहेरच्या कडेला, त्रिज्या मोठी असल्यामुळे, जवळजवळ दुप्पट होतो. चाकाचे नट हवेच्या गनने एकाच बाजूने आणि वाटेल तेवढे आवळले तरी असाच ताण पडतो. गंमत अशी की त्या दिवशी काहीच जाणवत नाही. तिरपी डिस्क ब्रेक न दाबताही प्रत्येक फेऱ्यात त्याच जागी पॅडला हलकीशी घासत राहते, आणि काही हजार किलोमीटरनंतर ती जागा पातळ होते. दुखणे आज दिसते, कारण मात्र टायर बदलला त्या दिवसाचे असते. म्हणून दोघांचा संबंध कोणी जोडत नाही, आणि नवी डिस्क त्याच गंजलेल्या हबवर बसवली जाते.

दुसरे कारण उष्णतेचे आहे. घाट उतरून तापलेली गाडी नाक्यावर पेडल दाबून उभी ठेवली, की पॅडच्या मालाचा ठसा डिस्कवर उमटतो. तो भाग पुढे जास्त तापतो आणि फारच तापला तर तिथले बिडाचे लोखंड कडक होते. अशी डिस्क लेथवर घासली तरी कडक ठिपका पुष्कळदा खाली शिल्लक राहतो. घाट उतरताना खालचा गिअर ठेवावा.

आता तपासणी. स्टेअरिंग थरथरत असेल तर संशय पुढच्या चाकांवर, आसन आणि पाठ हलत असेल तर मागच्या चाकांवर घ्यावा. मागे डिस्कऐवजी ड्रम असतील तर मोकळ्या कोरड्या रस्त्यावर, कमी वेगात, बटण दाबून धरून हँडब्रेक हळूच ओढावा; तीच थरथर आली तर ड्रमच गोल राहिलेला नाही. जोराच्या ब्रेकला, चाके जाम होऊ न देणाऱ्या एबीएस यंत्रणेमुळे पेडल कडकडते, तो मात्र दोष नव्हे.

चाक काढल्यावर डिस्क नट आणि वॉशरने हबवर घट्ट धरावी, कडेपासून साधारण 10 मिलिमीटर आत डायल गेज (तिरपेपणा दाखवणारे काट्याचे मापयंत्र) लावून ती सावकाश फिरवावी, आणि मग मायक्रोमीटरने आठ ठिकाणी जाडी मोजावी. तिरपेपणा जास्त निघाला तर डिस्क काढून एक भोक पुढे फिरवून पुन्हा मोजावी. कधीकधी हबचा आणि डिस्कचा दोष एकमेकांची भरपाई करतो आणि काम तिथेच संपते. तिरपेपणा डिस्कबरोबर न फिरता जागेवरच राहिला तर दोष हबचा किंवा बेअरिंगचा. याच वेळी पॅड धरणाऱ्या कॅलिपरच्या पिना हाताने सरकतात का, सस्पेन्शनच्या लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट ढिले आहेत का, हेही पाहावे, कारण ढिले बुश बारीक थरथर मोठी करून दाखवतात.

डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो; लेथ मारून त्याच्या खाली जायचे असेल तर डिस्क बदलावीच. नवी असो वा फिरवलेली, हब तारेच्या ब्रशने चकचकीत करूनच ती बसवावी, आणि नट समोरासमोरच्या क्रमाने, त्या गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्यावर, टॉर्क पान्याने आवळावेत. नंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी 60 वरून 10 पर्यंत आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता, मध्यम जोराने ब्रेक लावून पॅड बसवून घ्यावेत. गिऱ्हाईक घाईत असते म्हणून हे शेवटचे काम आम्ही त्याच्यावर सोडत नाही. गाडी परत देण्याआधी स्वतःच एक फेरी मारून आणतो.