सुवर्णदुर्ग कोणी जिंकला?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी थोडं कापून)

नमस्कार मंडळी. सचिवांनी मला दहा मिनिटं दिलीत आणि विषय दिलाय 'आपले आरमारी वीर'. मी हर्णैची. दहा मिनिटांत आमच्याकडे माणूस कुणाकडचा, एवढंच विचारून होतं. शिवाय माझा इतिहास चौथीच्या पुस्तकाशी संपतो. तेव्हा चुकलं तर चहाच्या वेळी पकडा, इथे नको.

ईस्टरच्या सुट्टीत घरी गेलो होतो. धाकटीला, अकरा वर्षांची आहे, होडीतून सुवर्णदुर्गावर, हर्णैसमोरच्या समुद्रातल्या किल्ल्यावर, नेलं. चपला हातात घेऊन गुडघाभर पाण्यातून उतरलो. दरवाजाच्या पायरीवर कासव कोरलंय, भिंतीवर मारुती. तिने कासवावर पाय पडू दिला नाही, बाजूला उकिडवी बसून त्याच्या पाठीवरची वाळू बोटाने काढली, आणि तिथूनच विचारलं, "आई, हाच ना तो आपल्या टेकडीवरच्या टॉवरचा किल्ला? मग हा आपण हरलो की जिंकलो?"

तुमच्यातल्या निम्म्यांनी लंडनमधला शूटर्स हिलवरचा तो टॉवर पाहिलाय, वर जाऊन फोटो काढलेत, खाली केकही खाल्लाय. सेव्हर्नड्रूग कॅसल. तिकोनी, ६३ फूट उंच. ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमाराचा कमोडोर विल्यम जेम्स, त्याच्या बायकोने नवऱ्याच्या आठवणीसाठी १७८४ साली बांधला. 'सेव्हर्नड्रूग' म्हणजे आपलं सुवर्णदुर्ग, हे मला इथे आल्यावर सात वर्षांनी कळलं. मी, जिच्या माहेरच्या माडीवरून तो किल्ला दिसतो! दगडावर लिहिलंय की २ एप्रिल १७५५ ला जेम्सच्या शौर्याने किल्ला पडला.

मी तिला म्हटलं, हरलो. जेम्सने तुळाजी आंग्र्यांकडून, म्हणजे आरमारवाल्या कान्होजी आंग्र्यांच्या मुलाकडून, घेतला.

होडीत भाऊकाका होते. ते म्हणाले, "हरलो कसले? जेम्सने घेऊन पेशव्यांच्या ताब्यात दिला. करारच होता तसा. किनाऱ्यावरून रामाजी महादेवांची फौज होती. बदल्यात इंग्रजांना बाणकोट मिळालं."

पोरगी म्हणाली, "म्हणजे दोन्हीकडे आपणच?"

तिथून जे सुरू झालं ते घरी ओसरीवर कोकम सरबत येईस्तोवर थांबलं नाही. भाऊकाकांचं म्हणणं, नानासाहेब पेशव्यांनी स्वतःच्या हाताने आरमार बुडवलं. आत्या स्वयंपाकघरातून ओरडली, "आणि तुझा तुळाजी काय संत होता? सातारा-पुण्याला जुमानायचा नाही, सावंतांशी भांडण, बावड्याच्या अमात्यांशी भांडण, त्याचा परवाना, दस्तक, नसलं की जहाज धरायचा. शेजारी म्हणून राहायचं होतंस त्याच्या, मग कळलं असतं." पुढच्या पाच मिनिटांत आडनावं निघाली. आंग्र्यांची, पेशव्यांची, मग आमच्या आळीतली. तुम्ही हसताय, कारण तुमच्याही घरी तिथेच पोचतं.

आत्या खोटं बोलत नव्हती, आणि काकाही नाही. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, विजयदुर्गावर तेच झालं. समुद्रातून ॲडमिरल वॉटसन, जमिनीवर पेशव्यांचं सैन्य. तुळाजी बोलणी करायला पेशव्यांच्या छावणीत गेलेला. त्यानेच इंग्रजांकडून पकडलेलं 'रिस्टोरेशन' जहाज गोळ्याने पेटलं, आणि शेजारी बांधून ठेवलेल्या गुराबा, गलबतं एकापाठोपाठ जळाली. कान्होजींनी उभं केलेलं आरमार. किल्ल्यात सापडलेला दहा लाखांचा ऐवज इंग्रजांनी आपसात वाटून घेतला. त्यांच्या जमिनीवरच्या तुकडीचा म्होरक्या होता क्लाइव्ह. सोळा महिन्यांनी तोच प्लासीला. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत मेला.

खरं म्हणजे गोष्ट आधीपासूनच बिघडलेली. कान्होजी १७२९ ला गेले, चार वर्षांत थोरले सेखोजी गेले, आणि मग संभाजी विजयदुर्गाला, मानाजी कुलाब्याला, नि सख्ख्या-सावत्र भावांत जुंपली. कोकणातल्या माणसाला हे समजावायला लागत नाही. आमचा दोन कलमांचा दावा तिसऱ्या पिढीत चाललाय. आंबे माकडं खातात.

घरी परत आल्यावर आपल्या शिवजयंतीचे फोटो बघत बसले. दरवर्षी भाड्याचे फेटे, दरवर्षी अफझलखान, आणि मागच्या खेपेला तर वाघनखं घरी विसरली म्हणून काटा-चमच्याने भागवलं. तो चमचा माझाच होता, मला हसायचा अधिकार नाही. पण पोरं टाळ्या घेऊन उतरली की आपण त्यांना एक प्रश्न विचारू देतो का? कुणी विचारलाच तर 'मोठी झालीस की कळेल'. आपण मोठे झालो, मंडळी. कळलंय का? ग्रुपवर कुणी नानासाहेबांबद्दल एक ओळ टाकली की तीन जण बाहेर पडतात, आणि त्यांना परत आणायला ॲडमिनला फोन करावे लागतात. इथल्या लोकांनी २०२० मध्ये श्रूझबरीच्या चौकातल्या क्लाइव्हच्या पुतळ्यावरून महिनाभर वाद घातला, मतदान घेतलं, पुतळा ठेवला. बरं केलं की वाईट, तो त्यांचा प्रश्न. पण चर्चा उघड्यावर झाली, कुणी कुणाचं आडनाव काढलं नाही. निदान मी तरी ऐकलं नाही.

मुंबईत नौदलाचा 'आंग्रे' तळ आहे, खांदेरीला कान्होजींचं नाव दिलंय, हे मी लेकीला अभिमानाने सांगितलं. ती म्हणाली, "आणि तुळाजीचं?" मला काही सांगता आलं नाही. नानासाहेबांचं नाव घेतलं असतं तर तिने आणखी एक प्रश्न विचारला असता, म्हणून तेही घेतलं नाही.

आता तिच्या शाळेत काम दिलंय, जवळच्या वास्तूसाठी ऐंशी शब्दांचा फलक लिहायचा. तिने तो टॉवर घेतलाय. 'हा टॉवर आमच्या किल्ल्यामुळे उभा आहे' असं लिहून 'आमच्या' खोडलंय. वर पुन्हा 'आमच्या' लिहिलंय, तेही खोडलंय. बाजूला पेन्सिलीने 'कुणाच्या?' आणि माझं नाव.

शुक्रवारी द्यायचाय. कुणाला सुचलं तर चहाच्या वेळी सांगा.